हिरव्या माणसाचे चोवीस सेकंद

आमच्या कचेरीसमोरचा रस्ता पायी ओलांडण्यासाठी प्रत्येक नागरिकास अठरा सेकंद मंजूर झाले आहेत, ही बाब मला त्या सिग्नलच्या पहिल्याच दिवशी, टेबलाशी बसल्या बसल्या समजली. मी अमरावतीत सव्वीस वर्षांपासून परवानाधारक अर्जनवीस आहे. कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल असते. ज्यांना सरकारला काही सांगायचे असते, पण ते कागदावर कसे उतरवावे हे उमगत नाही, त्यांचे म्हणणे मी उतरवून देतो. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि मी लिहिलेला अर्ज ‘बोध होत नाही’ असा शेरा मारून परत आल्याचे एकही उदाहरण नाही. हे मी अभिमानाने नव्हे, माहितीसाठी नमूद करतो.

माझ्या व्यवसायात मुदत दिवसांत दिलेली असते. पंधरा दिवसांत खुलासा करावा, तीस दिवसांत अपील दाखल करावे, अशी. सेकंदांत मुदत देणारी सरकारी वस्तू मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. खांबावर एक काळी पेटी. तीत वर लाल माणूस हात खाली सोडून उभा, खाली हिरवा माणूस एक पाय पुढे टाकलेला, आणि शेजारी आकडा. हिरवा माणूस उजळला की अठरा, सतरा, सोळा असे उतरत उतरत शून्य. तोवर मी पाहिलेले असे आकडे वाहनांसाठी होते. पायी चालणाऱ्याच्या नावे आकडा लागलेला मी पाहिला नव्हता. पहिल्या आठवड्यात लोक रस्ता ओलांडायचे सोडून आकडाच पाहत उभे राहत आणि शून्य झाल्यावर भानावर येत.

माझ्या शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकणारे माझे जुने सोबती बसतात. ते मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. त्यात टोमणा आहे हे मी जाणतो, पण मी कधी हरकत नोंदवलेली नाही.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “हे त पोट्ट्यांच्या उलट्या उजळणीवानी झालं. चुकलं का मास्तर मारते, इथं ट्रक मारते.”

त्यापूर्वी आमच्याकडे रस्ता हाताने ओलांडला जाई. म्हणजे असे, की फुटपाथच्या पायरीवरून उतरायचे, उजवा तळहात वाहनांच्या दिशेने धरायचा आणि चालू लागायचे. वाहने थांबत किंवा वळसा घालून जात. कोणी शिवी दिली तरी थांबून देई. आकडा लागल्यापासून हाताची पत गेली. शून्य झाले की वाहनवाल्यांना रस्ता आपल्या नावे झाल्यासारखा वाटे, आणि मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा उंचावलेला तळहात त्यांना दिसेनासा होई. एका आकड्याने हा एवढा जुना रिवाज कसा मोडला, याचे मला अतिशय कुतूहल वाटू लागले.

हे कुतूहल कदाचित टेबलावरच राहिले असते. पण रस्त्यापलीकडे मारुतीच्या देवळाच्या भिंतीशी बसणारी फुलवाली मावशी यात सापडली.

मावशी सत्तरीच्या पुढची. दर्यापूर रस्त्यावरच्या एका खेड्यात तिच्या मुलाची फुलशेती आहे, थोडा झेंडू, थोडी शेवंती. पहाटे तोडलेली फुले टोपल्यात घेऊन ती जीपने यायची. जीप तिला आमच्या बाजूला उतरवी. तेथून रस्ता ओलांडून ती देवळाशी जाई, आणि दुपारी तीनच्या सुमारास परत आमच्या बाजूला येऊन जीपची वाट पाहत माझ्या टेबलाजवळच्या दगडावर बसे. वीस वर्षे तरी हा क्रम होता. उरलेला एखादा हार ती माझ्या टेबलाच्या खिळ्याला अडकवी आणि कचेरीत कोणाची बदली झाली, कोण निवृत्त झाले, हे विचारी. ही माहिती तिला हार किती गुंफायचे हे ठरवण्यासाठी लागे.

उन्हाळा संपत आलेला असताना एका सकाळी मी दहाच्या सुमारास टेबलाशी पोचलो, तर रस्त्याच्या मधोमध झेंडूचा चिखल झालेला होता. वाहने त्यावरून जात होती. मुद्रांकवाल्यांनी सांगितले, की सकाळी आकडा संपला तेव्हा मावशी मध्येच होती, एका मोटारसायकलीचा आरसा टोपल्याला लागला, आणि टोपले गेले. मावशीला फार लागले नव्हते. कोपर खरचटले होते.

दोन दिवसांनी तिची मुलगी अकोल्याहून आली. ती तिथे शिवणकाम करते. माझ्याच टेबलाजवळ उभी राहून तिने आईला सुनावले.

“आता बस झालं, आई. चाल अकोल्याले. दोन खोल्या हायेत, संडास घरात हाये. रस्ता ओलांडाचं कामच नाही तिथं, भाजीवाला दारात येते.”

“दारात आलेली भाजी घेईन,” मावशी म्हणाली, “अन् मंग दिवसभर काय करीन? तुया मशीनले तेल देऊ?”

“मधात अडकून मेली मंजे?”

“अडकली थे त्या आकड्यापायी. आधी कधी अडकली का? थो आकडा जरासा मोठा केला त मी अजून दहा वर्सं जाते या रस्त्यानं.”

मुलगी माझ्याकडे वळली. “काका, तुमीच सांगा हिले. दसऱ्याचा बाजार करू देते मी. पन दसऱ्याच्या आधी येऊन मी माया डोयानं पाहीन. हे रस्त्यात अडकली त टोपलं इथंच ठेवून हिले घेऊन जाईन. भाऊबी तयार हाये.”

मावशीने माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे तिने माझ्याकडून एकही अर्ज लिहून घेतला नव्हता. “भाऊ,” ती म्हणाली, “आकडा मोठा कराचा अर्ज अस्ते का गा?”

असतो की नाही हे मला माहीत नव्हते. पण अर्जनवीसाने ‘माहीत नाही’ म्हणायचे नसते. मी म्हणालो, “असतो. लिहितो.”

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्या वृद्ध गृहस्थांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली अशी, की अर्जात नेमकी संख्या लिहावी. ‘पुरेसा वेळ मिळावा’ असे लिहिले तर पुरेसा म्हणजे किती, हे ठरवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते आणि त्याचा हात अडतो. दुसरी अशी, की इतरत्र असे घडल्याचा दाखला जोडावा. अधिकारी नवीन गोष्ट करायला कचरतो, पण कोणी आधी केलेली गोष्ट करायला कचरत नाही. रस्ता ओलांडण्याच्या आकड्याचा दाखला आमच्या जिल्ह्यात कुठून मिळणार? एका लग्नानिमित्त अकोल्यास गेलो तेव्हा मी तिथल्या एका चौकात अर्धा तास उभा राहिलो. तिथे लोक वाहनांचाच आकडा पाठीमागून पाहून, त्याचा उलटा हिशेब करून, रस्ता ओलांडत होते. ते कौशल्य थक्क करणारे होते, पण सहपत्र म्हणून जोडण्याजोगे नव्हते. माझे साडू म्हणाले, “येवढं काय पाहून राहिले, भाऊजी? सिग्नल कधी पाह्यला नाही काय?”

तेव्हा मी परदेशांकडे वळलो.

हे वाटते तितके अवघड नाही. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांत दर महिन्याला दोन-चार तरी आईबाप असे असतात, की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे आणि ज्यांना एखादे प्रतिज्ञापत्र, नावातल्या फरकाचा खुलासा, असे काही हवे असते. मी काम करून देई आणि शेवटी म्हणे, “एक विनंती आहे. आपल्या चिरंजीवांना सांगून तिथल्या पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलचा एक लहानसा व्हिडिओ मागवाल काय? लाल, हिरवा आणि आकडा, तिन्ही दिसले पाहिजेत.” लोक आधी चमकत. मग उत्साहाने पाठवीत. परदेशातल्या मुलांना आईबापांनी मागितलेली ही बहुधा पहिलीच अशी वस्तू असावी, की जी ताबडतोब पाठवता येत होती. मी दोनशे पानी वही घातली आणि प्रत्येक देशाला एक पान दिले.

पहिला व्हिडिओ जर्मनीचा आला, एका निवृत्त शिक्षकांच्या मुलाकडून. त्यात आकडाच नव्हता. नुसता लाल माणूस, आणि खाली सात-आठ माणसे उभी. रस्ता दोन्ही बाजूंनी पूर्ण मोकळा. मुलाने खाली लिहिले होते, की इथे बहुतेक ठिकाणी आकडा नसतो आणि लाल असताना लहान मुलांसमोर कोणी ओलांडले तर लोक रागावून पाहतात.

मुद्रांकवाल्यांनी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला. “गाडी नाही, घोडी नाही, अन् हे उभे! कोनाची वाट पाहून राहिले गा?”

मला मात्र वाटले, की ज्यांना आकड्याशिवाय थांबता येते त्यांना आकड्याची गरज नसावी. हे मी वहीत लिहून ठेवले. नंतर ते खोडले, कारण त्याने आमच्या अर्जाची बाजू कमकुवत होत होती.

जपानच्या एका ठिकाणच्या व्हिडिओत आकड्याऐवजी लहान लहान उजेडाचे ठिपके एकावर एक रचलेले होते, आणि ते वरून एकेक करून विझत होते. किती वेळ उरला हे वाचायचे नव्हते, नुसते पाहायचे होते. मावशीला तो प्रकार फार आवडला. तिला अक्षरओळख बेताची आहे, आकडे ती ओळखते, पण दोन आकडी संख्या वाचायला तिला क्षणभर थांबावे लागते, आणि तो क्षण अठरातूनच वजा होतो. हे मला त्या दिवशी प्रथम कळले. ऑस्ट्रेलियाच्या खांबातून आवाज येई. थांबायचे तेव्हा सावकाश टक, टक, आणि चालायचे तेव्हा भराभर, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांनाही समजावे.

अमेरिकेच्या पानावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. तिथे आधी चालणारा पांढरा माणूस दिसतो. मग तो जातो आणि त्याच्या जागी नारिंगी तळहात उघडझाप करू लागतो, आणि आकडा त्या हाताबरोबर सुरू होतो. म्हणजे आकडा दिसू लागला की पायरीवरच्याने उतरायचे नाही. जो उतरला आहे त्याने पोचायचे. तो तळहात अगदी आमच्या तळहातासारखा होता, पाच बोटे, सरळ उभा. आमच्याकडे पायी चालणारा तो गाडीला दाखवतो आणि तिकडे खांब तो पायी चालणाऱ्याला दाखवतो. एकच हात दोन देशांत दोन वेगळ्या पक्षांच्या बाजूने उभा कसा राहिला असेल, याचा मी बराच विचार केला. उत्तर मिळालेले नाही.

तैवानचा व्हिडिओ आला त्या दुपारी माझ्या टेबलाभोवती गर्दी जमली. तिथला हिरवा माणूस खरोखरच चालतो. पाय हलतात, हात हलतात. वर आकडा उतरत असतो, आणि आकडा संपत आला की तो माणूस पळू लागतो. मावशीने फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

“पाहा वं माय, कसा पयून राहिला!” ती म्हणाली. मग हसली. “ह्याच्या डोक्यावर कोनी टोपलं द्या म्हना. मंग पाहू कसा पयते थे.”

सर्व हसले. मीही हसलो. या वाक्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवे होते.

आणि शेवटी सिंगापूर. एका बाईंच्या मुलीने पाठवलेल्या व्हिडिओत एक म्हातारे गृहस्थ खांबावरच्या डबीला खिशातले कार्ड टेकवतात, आणि मग हिरवा माणूस नेहमीपेक्षा काही सेकंद जास्त थांबतो. तिथे ज्येष्ठांना हे कार्ड मिळते. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ज्येष्ठ नागरिकास जादा वेळ देणे हे एका देशाने मान्य केलेले होते. मला दाखला सापडला होता.

मावशीचा प्रश्न वेगळाच होता. “थे कार्ड कोन देते? हयातीच्या दाखल्यावानी दरसाली नवं काढा लागते काय? तसं असन त माया अर्धा जनम त्याच्याच रांगेत जाईन. त्यापक्षा आकडाच मोठा बरा.”

उरली होती ती नेमकी संख्या. मी मावशीला सांगितले, “उद्या दुपारी तुमच्या चालण्याचे मोजमाप घेऊ. ते शासनाच्या कागदात जाणार आहे.” दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती नेहमीप्रमाणे परत येण्यास निघाली तेव्हा मी फोनमधले घड्याळ लावून उभा होतो. तिने धुवट लुगडे नेसले होते. पदर कमरेला खोचला होता. काखेत टोपले होते. ती खाली न पाहता, पाठ ताठ ठेवून, सरळ आली. हिरव्याचे अठरा संपले तेव्हा ती अलीकडच्या अर्ध्यात होती, पण वाहने नुकतीच हलत होती, आणि एकंदर चोवीस सेकंदांत ती माझ्यासमोर उभी होती. पुढचे दोन दिवस पुन्हा मोजले. तेवीस आणि बावीस.

“किती झाले?” तिने धापा टाकत विचारले.

“जास्तीत जास्त चोवीस.”

“चांगले हायेत ना?”

“उत्तम आहेत,” मी म्हणालो.

अर्ज चार पानी झाला. विषय, संदर्भ, मोजमापाचा तक्ता, आणि सहपत्रे एक ते सहा: जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, तैवान, सिंगापूर, जर्मनी. जर्मनी मी शेवटी ठेवला. ‘सबब, सदर ठिकाणी पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा अठराऐवजी चोवीस सेकंद ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.’ मावशीने खाली सही केली. ती सही करायला तिला रस्ता ओलांडण्याहून जास्त वेळ लागला.

पोळ्याच्या आधी दोन माणसे शिडी घेऊन आली, पेटी उघडली, काही तरी फिरवले आणि पेटी बंद केली. हिरवा माणूस उजळला आणि शेजारी चोवीस दिसले. संबंधित कार्यालयातले तरुण अभियंता सोबत होते. ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “सिग्नलबद्दल तक्रारी पुष्कळ येतात. नेमका आकडा सांगणारा तुमचा पहिलाच अर्ज. आणि ती सिंगापूरची माहिती मी घरी वाचून दाखवली.” मी त्या दिवशी सर्वांना चहा पाजला. मावशीने पेढे आणले आणि शेवंतीचा मोठा हार, जो एरवी ती फक्त बदलीच्या दिवशी करते. मुद्रांकवाल्यांनी तो माझ्या गळ्यात घातला.

“वकीलसाहेब, तुमी त सरकारचं घड्याळ फिरवलं,” ते म्हणाले. या वेळी त्यात टोमणा नव्हता.

गणपती झाले. नवरात्र आठ-दहा दिवसांवर आले असताना मावशीची मुलगी अकोल्याहून आली आणि मी टेबल मांडत असतानाच समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

“काका, तुमी कधी सकाळी आले का इथं?”

“मी साडेनऊनंतर येतो.”

“मंग उद्या साडेसातले या. मी सांगून ऐकनार नाही तुमी, तुमच्या डोयानंच पाहा.”

मी दुसऱ्या दिवशी साडेसात वाजता झाडामागे उभा राहिलो. जीप आली. जीपवाल्याने आणि एका बाईने मिळून टोपले मावशीच्या डोक्यावर ठेवले, आणि मी माझ्या आयुष्यात प्रथमच तिला भरल्या टोपल्यानिशी पाहिले. वीस वर्षांत मी जी मावशी पाहत होतो ती दुपारची होती. काखेत टोपले, हात मोकळा, घरी जायची घाई. ही मावशी वेगळीच होती. मान हलत नव्हती. एक हात टोपल्याला, दुसरा गुडघ्यावर. पाऊल टाकण्याआधी ती ते जमिनीवर चाचपून पाही. ओली फुले जड असतात, हे मला माहीत असायला हवे होते. चोवीसपासून आकडा उतरला. शून्य झाले तेव्हा ती पलीकडच्या पायरीपासून सात-आठ पावले दूर होती. एका ऑटोने तिच्या पुढून आणि एका गाडीने मागून कट मारला. ती टोपले दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. हात उंचावायला हात मोकळा नव्हता.

ती पोचली. मी मागोमाग पलीकडे गेलो. मुलगी आधीच तिथे होती.

“मावशी, हे मला का सांगितले नाही?”

तिने टोपले उतरवले, फुलांवर ओले फडके पांघरले, मग म्हणाली, “सांगून काय करू? तुमी येवढा अर्ज केला, सरकारनं आकडा वाढवला, पेढे वाटून झाले. आता म्हनू का, का पुरून नाही राहिला?”

“पण मोजमापाच्या वेळी तुम्ही चोवीसमध्ये आलात!”

“थे त रिकामं टोपलं होतं.” मग मुलीकडे न पाहता: “अन् मी घाई केली, भाऊ. तीनई दिवस. तुमी म्हनले, सरकारच्या कागदात जाते. मले वाटलं, हळू चालली त लिहून देतीन का बुढी चालाले निकामी झाली, हिले उठवा इथून. म्हनून पाय उचलले. घरी जाऊन गुडघ्याले तेल लावलं.”

“दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा येते, तवाबी अडकली त नेईनच,” मुलगी म्हणाली. तिने आईचा पदर सारखा केला.

मी परत टेबलाशी आलो. माझ्या व्यवसायात दुरुस्ती अर्ज म्हणून एक प्रकार असतो. मी इतरांच्या अर्जांचे असे दुरुस्ती अर्ज शेकड्यांनी लिहिले आहेत. माझ्या स्वतःच्या अर्जाचा एकही नव्हता, आणि ही गोष्ट मी बरेचदा, न विचारता, लोकांना सांगितलेली होती. मुद्रांकवाल्यांनाही. ते सर्व ऐकून म्हणाले, “सोडा ना. तुमचा अर्ज मंजूर झाला. आता तिचं नशीब.” मी कागद पुढे ओढला.

पुढचे तीन दिवस मी साडेसातला, मावशीला न सांगता, झाडामागून मोजले. एकतीस, तीस, बत्तीस. अर्ज एका पानात मावला. ‘मागील अर्जातील मोजमाप दुपारच्या वेळेचे व रिकाम्या टोपल्याचे होते. अर्जदाराची नेहमीची चाल सकाळी, भरल्या टोपल्यानिशी, बत्तीस सेकंदांची आहे. चूक अर्जनवीसाची आहे.’ शेवटचे वाक्य लिहायला मला सिंगापूरच्या पानापेक्षा जास्त वेळ लागला. मी ते दोनदा ‘चूक अनवधानाने झाली’ असे केले आणि दोन्ही वेळा परत पहिल्यासारखे केले. या खेपेस मावशीने सही करण्यापूर्वी मला सर्व वाचून दाखवायला लावले. ते वाक्य आले तेव्हा म्हणाली, “हे कावून लिहिलं? माईबी होती ना चूक.”

“तुमची लिहायची सोय अर्जात नसते,” मी म्हणालो.

अभियंत्यांनी अर्ज वाचून कपाळाला हात लावला. “अहो, दोन महिन्यांपूर्वी चोवीस म्हणालात. आता बत्तीस. पुढच्या महिन्यात चाळीस म्हणाल. तिकडे वाहनांची रांग वाढते, त्याचं काय?”

त्यांचे म्हणणे गैर नव्हते. मी म्हणालो, “साहेब, उद्या सकाळी साडेसातला पाच मिनिटे या. परदेशचे दाखले या वेळी जोडलेले नाहीत.”

ते आले, हे त्यांचे मोठेपण. जीप आली, टोपले उतरले. मावशी ते उचलून घ्यायला वाकली तेव्हा मी पुढे झालो. “आज मी नेतो.” जीपवाल्याने ते माझ्या डोक्यावर ठेवले. मी पांढरा शर्ट घातला होता. टोपल्यातून गार पाणी मानेवरून पाठीत उतरले. खाली पाहता येईना, बाजूला पाहता येईना. पायरी उतरणे हे किती मोठे काम असते, हे मला बावन्नाव्या वर्षी समजले. हिरवा माणूस उजळला. मागून मुद्रांकवाले, जे त्या दिवशी मुद्दाम लवकर आले होते, मोठ्याने आकडे म्हणत होते, “एकवीस! वकीलसाहेब, पाय उचला! सतरा! थो तैवानवाला पयते, तुमी कावून नाही पयत?” लोक हसत होते. मला आकडा दिसतच नव्हता. मान वर करता येत नव्हती. शून्याचा पत्ता मला हॉर्नवरून लागला. मी तेव्हा रस्त्याच्या मध्यापासून थोडाच पुढे होतो.

अभियंता पलीकडे येऊन थांबले होते. त्यांनी टोपले उतरवायला हात लावला आणि त्याचे वजन लागताच मागोमाग आलेल्या मावशीकडे वळून पाहिले. मग खिशातून कागद काढून म्हणाले, “सकाळी सात ते दहा बत्तीस ठेवता येतील. बाकी दिवसभर चोवीसच. चालेल?”

“चालेल,” मावशी म्हणाली. “दुपारी हात मोकळा राह्यते माया.”

नवरात्राच्या पाचव्या दिवशी बदल झाला. मुलगी दसऱ्याच्या आदल्या सकाळी पुन्हा आली, शब्द दिल्याप्रमाणे. आम्ही तिघे झाडाखाली उभे होतो, ती, मी आणि मुद्रांकवाले. जीपमधून तीन टोपली उतरली, कारण दसरा होता. त्यांपैकी दोन मुलाने नेली. तिसरे मावशीच्या डोक्यावर. हिरवा माणूस उजळला. मुलगी ओठांतल्या ओठांत आकडे म्हणू लागली. तिने हातातली पिशवी इतकी घट्ट धरली होती, की तिच्या बोटांना वळ पडले. वीसला मावशी मध्यावरही नव्हती. दहाला मध्य ओलांडलेला. पाचला तिने पायरी चाचपली, आणि ती वर चढली तेव्हा तीन उरले होते.

मुलीने श्वास सोडला. “तीन राह्यले,” ती म्हणाली. मग पिशवीची पकड सैल करून: “काका, मी संध्याकाळच्या गाडीनं जाते. हिले सांगजा, दिवाळीले चार दिवस तरी ये म्हना.”

“तुम्हीच सांगा.”

“मी सांगतलं त भांडते.”

पलीकडे मावशीने टोपले खाली ठेवले होते आणि ती वळून खांबाकडे पाहत होती. पुढच्या खेपेचा हिरवाही संपत आला होता. तीन, दोन, एक. तिच्या मागून एक काठीवाले आजोबा निघाले होते. ते अजून रस्त्यात होते. शून्य झाले. लाल माणूस उजळला, एका मोटारसायकलीने हॉर्न दिला. मावशी पायरीवरून एक पाऊल खाली उतरली आणि तिने आपला मोकळा झालेला तळहात वाहनांपुढे धरला. मोटारसायकल थांबली. तिच्या मागची गाडी थांबली. मोटारसायकलवाला काही तरी बोलला. मावशीने त्याला त्याहून मोठे काही तरी ऐकवले, पण ते आमच्यापर्यंत आले नाही. आजोबा सावकाश पलीकडे पोचले.

त्या दिवशी मी वहीत सिंगापूरनंतरचे पान उघडले आणि नोंद केली. ‘अमरावती. सकाळी सात ते दहा, बत्तीस सेकंद. नंतर चोवीस. त्यापुढे हात.’